लघवीची तक्रार, आणि दार लोटून सांगितलेली दुसरी

तपासून झालं, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून झाली, पुन्हा कधी यायचं तेही ठरलं. साठीला टेकलेले ते गृहस्थ उठले, दारापर्यंत गेले आणि बायकोला म्हणाले, "तू हो पुढे, औषधं घे. मी आलोच." त्या गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. खुर्चीत बसले नाहीत. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, आणखी एक होतं. वर्ष झालं, इच्छाच होत नाही. तिला वाटतं माझं मन उडालं. हे या लघवीमुळेच ना?"

मूत्ररोगतज्ज्ञाला हा प्रसंग नवा नाही. पहिली तक्रार बायकोसमोर, मुलासमोर सांगता येते. दुसरी दार लोटल्यावर, उभ्याउभ्या आणि तीही प्रश्नाच्या रूपात येते. त्या शेवटच्या 'ना'मध्ये एक आशा असते. लघवीवर गोळी सुरू झालीच आहे, तिच्याबरोबर हेही आपोआप मार्गी लागेल, अशी. मी त्यांना परत बसवलं, कारण या प्रश्नाचं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. कधी दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं. कधी दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, वयामुळे त्या एकाच वेळी दारात उभ्या राहिलेल्या असतात. आणि कधी पहिलीवर दिलेलं औषधच दुसरी घेऊन येतं. हे तिसरं उत्तर आम्ही डॉक्टर मंडळी जरा कमीच बोलून दाखवतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'लघवीचा त्रास' म्हणजे नेमकं काय? एक गट रिकामं करण्याच्या तक्रारींचा. धार सुरू व्हायला वेळ लागतो, कुंथावं लागतं, धार बारीक होते, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब गळत राहते, होऊनही पिशवी भरलेलीच वाटते. "पूर्वी भिंतीपर्यंत जायची, आता चपलेवर पडते," असं एका शेतकरी काकांनी सांगितलं होतं. पुस्तकातल्या वर्णनापेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं. दुसरा गट साठवण्याच्या तक्रारींचा. वारंवार जावं लागणं, अचानक न आवरणारी घाई, रात्री तीन-चार वेळा उठणं. पहिल्या गटात वाटेत अडथळा किंवा पिशवीच्या स्नायूत अशक्तपणा असतो. दुसऱ्यात पिशवी चिडलेली असते, किंवा लघवीच जास्त तयार होत असते.

'तसं काही होत नाही' या वाक्यातही किमान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. इच्छा होते, पण ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. ताठरता येते, पण इच्छाच होत नाही. किंवा दोन्ही ठीक आहे, पण वीर्य कमी येतं, येतच नाही, किंवा लवकर येतं. पहिलीत बहुधा रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा प्रश्न असतो, दुसरीत संप्रेरकं, मन, झोप किंवा औषधं, आणि तिसरीत बऱ्याचदा औषध किंवा शस्त्रक्रिया. म्हणून मी सरळ विचारतो, "इच्छा होते पण शरीर साथ देत नाही, की इच्छाच होत नाही? पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?" पहाटेची ताठरता शाबूत असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी काम करताहेत असं मानता येतं.

आता प्रोस्टेटकडे, कारण पन्नाशीनंतर सगळा दोष तिच्या माथी मारण्याची रीत आहे. ही ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. वय वाढतं तशी ती वाढत जाते. पन्नाशी ते साठीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ती कर्करोगाची वाढ नव्हे. पण सोनोग्राफीच्या अहवालात '४५ ग्रॅम' असा आकडा वाचून घाबरलेले लोक रोज येतात. आकाराचा आणि त्रासाचा हिशोब जुळतोच असं नाही. ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन निवांत झोपणारे आजोबा असतात आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने बेजार झालेले पंचेचाळिशीतले गृहस्थही. कारण मार्ग नुसता ग्रंथीच्या जाडीने अडत नाही. ग्रंथीतले आणि पिशवीच्या तोंडाचे स्नायू आवळल्यानेही अडतो. म्हणून आम्ही ग्रॅम कमी बघतो आणि प्रश्नावली जास्त. सात प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय गुणपद्धती आहे, ० ते ३५ गुणांची. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. या पत्रिकेत जास्त गुण मिळाले तर पेढे वाटायचे नसतात, एवढंच.

लघवीच्या अशा तक्रारींचा आणि लैंगिक तक्रारींचा संबंध केवळ वयाचा आहे का, हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. अमेरिका आणि युरोपातल्या सहा देशांमधल्या, ५० ते ८० वर्षे वयाच्या १२ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग हे सगळं हिशोबात धरूनही, लघवीचा त्रास जितका जास्त तितकी लैंगिक तक्रार जास्त, असं त्यात दिसलं. याचा अर्थ एकीमुळे दुसरी होते, असा लगेच लावता येत नाही. पण दोघींची गल्ली एकच आहे. पिशवी, तिचं तोंड आणि लिंग यांना जाणाऱ्या नसा कण्याच्या त्याच खालच्या भागातून निघतात. रक्तपुरवठा ओटीपोटातल्या त्याच धमन्यांच्या फांद्यांतून होतो. ज्या गुळगुळीत स्नायूंच्या सैलावण्याने लिंगात रक्त भरतं, त्याच जातीचे स्नायू प्रोस्टेटमध्ये आणि पिशवीच्या तोंडाशी असतात. म्हणूनच ताठरतेसाठी आलेलं टाडालाफिल हे औषध रोज ५ मिलिग्रॅम या प्रमाणात लघवीच्या त्रासावरही चालतं, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला तशी मान्यता दिली. मात्र छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा नायट्रेटच्या गोळ्या चालू असणाऱ्या माणसाने ही गोळी, किंवा सिल्डेनाफिल, कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो.

एकच मूळ असण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मधुमेहाचं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर वाढली की लघवी जास्त होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जुन्या मधुमेहात उलटंही घडतं. पिशवीच्या नसा बधिर होतात, भरल्याची जाणीवच होत नाही, माणूस सहा-सहा तास जात नाही, आणि हळूहळू पिशवी ताणून सैल पडते. त्याच नसा आणि त्याच बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याने ताठरता जाते. अशा माणसाला 'प्रोस्टेट वाढलंय' म्हणून शस्त्रक्रिया केली तर अडथळा निघतो, पण धार सुधारत नाही, कारण ढकलणारा स्नायूच थकलेला असतो. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण लघवी वाढते, आणि काहींना लिंगाच्या टोकाशी बुरशीचा संसर्ग होऊन खाज, आग, कातडी चिरणं सुरू होतं. मग संबंध टाळले जातात, आणि घरी त्याचा अर्थ वेगळाच लावला जातो. वास्तविक हे साध्या मलमाने बरं होणारं दुखणं आहे.

रात्रीचं उठणं

रात्री चारदा उठणाऱ्या माणसाला कामेच्छा कुठून राहणार, असं कुणी म्हटलं तर ते चेष्टेवारी नेऊ नका. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुख्यतः झोपेत तयार होतं. शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान आहे, पण झोपेचं महत्त्व त्यातून कळतं.

उठण्याचं कारण मात्र दर वेळी प्रोस्टेट नसतं. एक सोपी परीक्षा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारा मापाचा प्लास्टिकचा मग आणा. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. किती पाणी, किती चहा, किती ताक, तेही लिहा. रात्री प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिलिलिटर होत असेल तर पिशवी नीट साठवत नाही किंवा नीट रिकामी होत नाही. पण रात्री प्रत्येक वेळी ३००-४०० मिलिलिटर होत असेल, आणि चोवीस तासांतल्या एकूण लघवीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रात्रीचा असेल, तर प्रोस्टेटच्या गोळीचा उपयोग होणार नाही. प्रश्न पाण्याचा, मिठाचा, पायांवरच्या सुजेचा, हृदयाचा किंवा घोरण्याचा आहे. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर काढतात. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजलेल्यांतही हेच होतं.

आणि घोरणं. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाच्या छातीत दर वेळी ओढ बसते, हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. असा माणूस 'लघवीसाठी' उठतो. खरं तर तो श्वास अडकल्याने जागा होतो आणि जागा झाल्यावर जातो. दिवसा पेंगतो, पोट सुटलेलं असतं, गळ्याचा घेर मोठा असतो, टेस्टोस्टेरॉन कमी असतं. हा माणूस मला भेटायला येतो तेव्हा मी त्याच्या बायकोला विचारतो, "हे घोरतात का हो?" त्यावर ती माउली जी हसते, त्यात निम्मं निदान झालेलं असतं.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी घरातली सगळी औषधं आणायला सांगतो. चिठ्ठ्या चालत नाहीत. घेतो त्या गोळ्या, पिशवी भरून. ती टेबलावर उलटी केली की बरीच कोडी सुटतात.

आधी सर्दीची गोळी घेऊ. मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं असतं, पण पिशवीचं तोंड आवळतं. दुसरं पिशवीच्या स्नायूला सुस्त करतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर दोन गोळ्यांत लघवी पूर्ण अडकते. पाऊस सुरू झाला, सर्दी-पडशाची साथ आली की रात्री अपरात्री पोट फुगून, घामाघूम होऊन नळी घालायला येणारे म्हातारबाबा वाढतात. त्यांतले कित्येक त्या गोळीचे बळी असतात. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिनही हेच करू शकतं.

दुसरी गॅसची गोळी. ही गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. आपल्याकडे 'सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची कॅप्सूल' म्हणून जे घेतलं जातं, त्यात पुष्कळदा आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही औषधं पोट लवकर रिकामं करतात, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात. स्त्रीला अंगावर दूध यावं म्हणून असलेलं हे संप्रेरक पुरुषात वाढलं की वृषणांना मिळणारा वरचा हुकूम थांबतो, टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मावळते. कधी छाती दुखते, फुगते. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ही कॅप्सूल लोक दोन-दोन वर्षं घेत राहतात, कारण ती 'साधी गॅसची गोळी' असते. डॉक्टरांनी विचारलं तर औषधांच्या यादीत ती सांगतही नाहीत.

मानसिक आजारांवरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, रिस्पेरिडोन त्यांतलं मुख्य. नैराश्य आणि चिंतेवरच्या पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम या गोळ्यांनी इच्छा कमी होते, वीर्यपतनाला वेळ लागतो. इथे एक ताकीद. नैराश्याने स्वतःच कामेच्छा जाते, आणि गोळी मनाने बंद केली तर आजार उलटतो. तेव्हा ही गोळी बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

आता आमच्याच औषधांकडे. प्रोस्टेटसाठी मुख्यतः दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गोळ्या स्नायू सैल करतात. दोन-चार दिवसांत धार मोकळी होते. त्यांनी इच्छा किंवा ताठरता सहसा बिघडत नाही, पण टॅम्सुलोसिन आणि विशेषतः सिलोडोसिनने वीर्य बाहेर कमी येतं किंवा येतच नाही. आधी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो. गोळी थांबवली की हे पूर्ववत होतं. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ही गोळी रात्री घ्यायला सांगतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव आवर्जून सांगा, कारण तिच्यामुळे बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो.

दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचा. त्यांच्या जन्माची कथा विलक्षण आहे. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटे, अंग भरे, लिंग वाढे. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचं कारण प्रसिद्ध केलं. टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रखर अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारं एक विकर या मुलांमध्ये कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहायची आणि त्यांना टक्कल पडत नसे. हेच विकर औषधाने रोखलं तर? त्या विचारातून फिनास्टेराइड आलं. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली, आणि १९९७ मध्ये, पाचव्या हिश्शाच्या मात्रेत, टकलासाठी.

ग्रंथी मोठी असेल तर हे औषध चांगलं आहे. ते ग्रंथी साधारण पाव हिश्शाने आकसवतं, लघवी अडकण्याचा आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी करतं. पण परिणाम दिसायला सहा महिने लागतात, आणि काहींची कामेच्छा, ताठरता त्याने कमी होते. मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे सहा जणांनी इच्छा कमी झाल्याचं सांगितलं. गंमत अशी की औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे तिघांनीही तेच सांगितलं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये आणखी पुढचं दाखवलं. फिनास्टेराइड देताना ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, त्यांच्यातल्या जवळपास ४४ टक्क्यांना ते जाणवले. ज्यांना दिली नाही, त्यांच्यातल्या सुमारे १५ टक्क्यांना. म्हणजे सांगितलं तर मनानेच त्रास वाढतो, न सांगावं तर विश्वासघात. अनेक वर्षं मी दुसरा मार्ग धरला होता, 'उगाच कशाला मनात भरवा' म्हणून. मग एक शिक्षक तब्बल दीड वर्ष स्वतःला दोष देत राहिले, आणि औषधाच्या डबीतला कागद त्यांच्या सुनेने वाचला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी मला विचारलेला प्रश्न मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून मी सांगतो, आणि 'असं झालं तर लपवू नका, उपाय आहेत' हेही सांगतो. केसांसाठी ही गोळी मनाने घेणाऱ्या तरुणांनीही एवढं ध्यानात घ्यावं. आणखी एक, या गोळीने पीएसए या रक्तचाचणीचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. डॉक्टरांना गोळी माहीत नसेल तर कर्करोगाची शंका येण्यासारखा आकडाही 'नॉर्मल' वाटून सुटू शकतो.

शस्त्रक्रियेबद्दलही हेच बोलणं हवं. दुर्बिणीने प्रोस्टेट काढल्यावर बहुतेकांमध्ये वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय होत नाही, ताठरता आणि इच्छा सहसा टिकते, पण मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी कळायलाच हवं.

टेस्टोस्टेरॉन तपासताना

इच्छा गेली की हल्ली लोक स्वतःच टेस्टोस्टेरॉन तपासून येतात, तेही संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवसभरात उतरत जातं. तेव्हा सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा, असं दोनदा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तापातून उठल्यावर तर मुळीच तपासू नये. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि लक्षणंही असतील तर पुढे प्रोलॅक्टिन आणि पियुषिकेची इतर संप्रेरकं बघावी लागतात. प्रोलॅक्टिन फारच वाढलेलं असेल तर पियुषिकेच्या गाठीसाठी मेंदूचा एमआरआय. थायरॉइडही बघून घ्यावं. पोटाचा घेर कमी केला तर पुष्कळांचं टेस्टोस्टेरॉन औषधाविना वर येतं. इंजेक्शनं शेवटी, आणि मूल हवं असेल तर नकोतच, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की वृषणं शुक्रजंतू तयार करणं थांबवतात. जिममध्ये 'बॉडी'साठी स्टेरॉइड टोचून घेणाऱ्या मुलांचं नेमकं हेच होतं. टोचणं थांबवल्यावर महिनोन्महिने शरीर स्वतःचं संप्रेरक बनवत नाही, आणि पंचविशीतला मुलगा सत्तरीच्या तक्रारी घेऊन येतो.

तरुणांत लघवीची बारीक धार दिसली तर प्रोस्टेटचा विचार बाजूला ठेवावा. मूत्रमार्ग आकसलेला असण्याची शक्यता मोठी. कधी काळी घातलेली नळी, दुचाकीच्या अपघातात जांघेत बसलेला मार, जुना संसर्ग, लिंगाच्या टोकाची पांढरी पडत जाणारी कातडी, अशी त्याची कारणं. यात भरीव काम आपल्या पुण्यात झालं आहे. संपूर्ण मूत्रमार्ग आकसलेल्या रुग्णांसाठी गालाच्या आतलं अस्तर वापरून तो एकाच शस्त्रक्रियेत दुरुस्त करण्याची डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तरुणांतलं दुसरं दुखणं ओटीपोटाचं. बैठं काम, जांघेत आणि गुदाशेजारी ठणका, लघवीला जळजळ, वीर्यपतनानंतर दुखणं. तपासण्यांत जंतू सापडत नाहीत, तरी प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स होतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असणं हे बऱ्याच जणांतलं कारण, आणि ते सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हा त्यावरचा चांगला उपाय.

आणि 'धातू जाते'. लघवीत पांढरं दिसतं, त्यातून शक्ती चालली, म्हणून पाठ दुखते, म्हणून इच्छा गेली, अशी साखळी मनात घट्ट बसलेली मुलं आजही येतात. लॉजच्या खोलीत दर मंगळवारी भेटणाऱ्या वैद्यराजांच्या भिंतीवरच्या जाहिराती तीच साखळी पक्की करतात. डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० मध्ये याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. लघवीतला गढूळपणा बहुधा फॉस्फेटच्या क्षारांचा असतो, आणि खरा आजार असतो चिंतेचा. तिथून मिळणाऱ्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुड्या आणि कॅप्सूलपासून सांभाळा. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत छुपं सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. सॉर्बिट्रेटबद्दल वर जे लिहिलं, ते इथे आठवा.

ताठरतेबद्दल एक गोष्ट हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला शिकवली. लिंगातल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचत गेला तर आधी बारीक नळी तुंबते. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्याची किंवा मधुमेह असणाऱ्याची ताठरता हळूहळू गेली, तर दोन ते पाच वर्षांत हृदयाची तक्रार उभी राहू शकते. गोळी मागायला आलेल्या माणसाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. तो चिडतो, चिडू दे.

काही गोष्टींत मात्र पुढची तारीख घेत बसायचं नाही. लघवी पूर्ण अडकली आणि ओटीपोट दुखतंय, तर तासाभरात दवाखाना गाठा. लघवीच्या त्रासाबरोबर थंडी वाजून ताप आला तरीही त्याच दिवशी. लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी दाखवा, कारण न दुखता जाणारं रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं चिन्ह असू शकतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच. कंबर दुखत असताना जांघेचा, बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, लिंगाची जाणीव गेली, पाय लटपटले, तर कण्यात खाली नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर गेलेलं पुष्कळदा परत येत नाही.

त्या गृहस्थांचं काय झालं? (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पुढच्या वेळी त्यांनी पिशवी आणली. त्यात रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, पायांना लावायचं तेल, आणि पावणेदोन वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणानंतर सुरू झालेली गॅसची कॅप्सूल होती. त्यात लेव्होसल्पिराइड. प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं, सकाळचं टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा कमी. लघवीचं दुखणं वेगळं होतं, ते प्रोस्टेटचंच. म्हणजे त्यांच्या 'ना'चं उत्तर 'नाही' असं होतं. त्यांच्या फिजिशियनशी बोलून कॅप्सूल बंद केली, जेवणाच्या वेळा बदलल्या, टॅम्सुलोसिन चालू ठेवलं आणि त्याने वीर्य कमी येऊ शकतं हे आधीच सांगितलं. सहा आठवड्यांनी प्रोलॅक्टिन जागेवर आलं.

तीन महिन्यांनी दोघं आले. लघवीचं विचारून झालं, रात्री एकदाच उठतो म्हणाले. मग मी दुसरं विचारलं. त्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं. बाई मात्र उठल्या नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच सांगते, डॉक्टर. हे अर्धंच सांगतील."